पुण्याजवळ हिवाळ्यात तंबू आणि शेकोटी: जागा कशी शोधावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा माणसं, त्यांत दोन लहान मुलं. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत एक रात्र तंबूत काढायची आहे. पुण्यापासून गाडीनं दोन-अडीच तासांच्या आत. आणि खरीखुरी लाकडाची शेकोटी पेटवता आली पाहिजे, मध्यरात्री कुणी येऊन विझवायला लावणार नाही अशी.

याचं उत्तर नकाशावरच्या हिरव्या-निळ्या रंगात सापडत नाही, सातबाऱ्यात सापडतं. सुंदर जागा आधी ठरवायची आणि शेकोटीचं तिथं गेल्यावर विचारायचं, या क्रमानं गेलं की फसगत होते. आपल्याकडच्या बहुतेक देखण्या जागा वनखात्याच्या, पुरातत्त्वाच्या किंवा जलसंपदा खात्याच्या असतात आणि तिथं विस्तव चालत नाही. शेकोटी चालते ती खाजगी शेतजमिनीत, मालकाच्या परवानगीनं, तोही शक्यतो जवळपास असताना. म्हणून आधी जमीन कुणाची ते बघा, मग तिथून काय दिसतं ते बघा.

कुठं नाही, ते आधी. राखीव वनात विस्तव पेटवणं, ठेवणं किंवा नेणं यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नं बंधन आहे. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० लागू होतं. पुण्याच्या टप्प्यात भीमाशंकर, ताम्हिणी आणि जरा लांबचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही तिन्ही अभयारण्यं आहेत. मुळशीच्या पुढं घाटाकडे निघालात की रस्त्याकडेची मोकळी, सपाट, गवताळ जागा बघून गाडी थांबवण्याचा मोह होतो, तो टाळा. त्या सोनेरी गवताला जानेवारीत एक ठिणगी पुरते आणि वारा असला तर चार माणसांनी झोडपूनही वणवा आवरत नाही.

गडांवरही नाही. लोहगड आणि विसापूर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड आणि सिंहगड राज्याच्या. तटाच्या आडोशाला किंवा देवळाच्या ओवरीत शेकोटी केली की दगड एका बाजूनं तापतो, त्याचे कपचे उडतात, सांध्यातला चुना भुसभुशीत होतो आणि काजळी पुढची कित्येक वर्षं निघत नाही. जुन्या वास्तूत विस्तव नकोच. देवराईत तर विचारूही नका. गावाचा तो विषय कायद्यापेक्षा जुना आहे.

धरणाच्या काठाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पवनेच्या काठावर तंबूंच्या रांगा दिसतात म्हणून तिथं सगळं चालतं असं वाटतं. पाण्याच्या पूर्ण संचय पातळीपर्यंतची जमीन संपादित, म्हणजे सरकारी असते. हिवाळ्यात पाणी जसं उतरत जातं तशी जमीन उघडी पडते आणि ती मोकळी, बिनमालकीची दिसते. त्याच पट्ट्यात गाळपेर होते, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या गाळाच्या जमिनीवर कुणीतरी पीक घेत असतं. शिवाय पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी जातं. राख, निखारे, उष्टं तिथं टाकणं वाईटच. काठाच्या वर, खाजगी गटात उभारलेला तंबूतळ असेल तर हरकत नाही. फरक एवढाच की तंबू पाण्याला टेकून नसेल, शे-दोनशे पावलं वर असेल. तो तसाच हवा.

धरणाखालच्या नदीच्या पात्रात मात्र कधीच नको, शेकोटी असो वा नसो. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत सुटतं आणि त्यावरच कोलाडच्या तराफ्यांचा खेळ (राफ्टिंग) चालतो. पाणी सुटलं की कोरडं दिसणारं पात्र बघता बघता भरतं. शेतीच्या आवर्तनांचंही तसंच. वाळू सपाट असते, आग पसरायची भीती नसते, म्हणून पात्र निवडलं जातं आणि तिथंच घात होतो.

आता कुठं चालतं ते.

पहिला पट्टा मावळ, मुळशी, वेल्हे आणि भोरचा: कामशेतपासून पवनानगरपर्यंत, पौडच्या आसपास, वेल्हे-पानशेतच्या गावांत, भोरच्या खोऱ्यात. इथं भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि डिसेंबरात खाचरं मोकळी पडतात. कापणी झालेलं खाचर ही शेकोटीसाठी सह्याद्रीतली सगळ्यात चांगली जागा आहे. चहूबाजूंनी मातीचा बांध, आत गवत नाही, फक्त धसकटं. जमीन सपाट आणि घट्ट. मात्र दोन गोष्टी विचारून घ्या. एक, भातानंतर हरभरा, वाल किंवा मसूर टाकला आहे का? कोंब बारीक असतात, शहरी डोळ्याला दिसत नाहीत आणि तंबूखाली पीक जातं. दुसरं, पेंढ्याची गंजी कुठं आहे? ती वर्षभराची वैरण असते. शेकोटीपासून निदान तीस मीटर लांब आणि वाऱ्याच्या रेषेत नसलेली हवी. हे जमत नसेल तर खाचर बदला.

दुसरा पट्टा पूर्वेचा आणि शेकोटीचीच हौस असेल तर हाच निवडावा: शिरूर, दौंड, बारामती, पुढं अहिल्यानगर आणि सोलापूरच्या वाटेवरची ज्वारीची रानं. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचा हंगाम असतो. हुरडा भाजायला शेतात आगटी पेटलेलीच असते. म्हणजे विस्तव तिथं पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेली सोय नसून रोजच्या कामाचा भाग असतो. शेतकऱ्याला जागा माहीत असते, पाणी हाताशी असतं, गोवऱ्या रचून ठेवलेल्या असतात. वीतभर खोल खड्ड्यात गोवऱ्या पेटवून धूर ओसरू द्यायचा, कोवळी कणसं त्या निखाऱ्यांत आणि गरम राखेत फिरवायची, दाणे हिरवे असतानाच बाहेर काढून हातावर चोळायची. गूळभेंडी जातीच्या ज्वारीची कणसं मिळाली तर उत्तम. गोवरीच्या विस्तवाला ठिणग्या जवळजवळ नसतात, त्यामुळं कोरड्या हवेत तो लाकडापेक्षा सुरक्षित. पण आतून धुमसत राहतो, त्याबद्दल पुढं येईलच. मोराची चिंचोली आणि आसपासच्या गावांत कृषी पर्यटन केंद्रं आहेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि नोंदणी केलेल्या केंद्रांना तंबूत मुक्कामाची सोय करता येते. नोंदणी आहे का, हे बेलाशक विचारा.

तुमच्यातलं कुणी मुंबईहून येणार असेल आणि मध्येच कुठं भेटायचं ठरलं तर अलिबाग-पेणकडे पोपटीचा मोसम जानेवारी-फेब्रुवारीत असतो. वालाच्या शेंगा आणि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरून मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. हे शेतातच चालतं आणि तिथल्या लोकांना त्याची सवय असते. पुण्याहून मात्र ते अडीच तासांत बसणार नाही.

जागा मिळाली की मालकाकडून गट नंबर घ्या. राज्य सरकारच्या भूलेख संकेतस्थळावर पुणे विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराच्या जागी कुणाचं नाव आहे ते वाचा. ‘महाराष्ट्र शासन’, वन विभाग किंवा पाटबंधारे असं असेल तर विषय संपला. नाव माणसाचं असेल तरी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचल्याशिवाय थांबू नका. तिथं ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचं झेंगट त्या जमिनीला आहे आणि शेकोटी तिथं नकोच. गाव नमुना बारामध्ये पीक काय लावलंय तेही कळतं. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. गट नंबर सांगायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे आगाऊ पैसे भरू नका.

फोनवर बोलताना ‘बोनफायर आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी सगळ्या पाहुण्यांत मिळून एक जाळ, पाऊण तास, तोही रॉकेल ओतून पेटवलेला. म्हणून नेमकं विचारा: आमची वेगळी शेकोटी करता येईल का, कुठं, जमिनीवर की लोखंडी कढईत? सरपण कोणतं, किती, जादा मोळी मिळेल का? किती वाजेपर्यंत चालेल? रात्री जागेवर तुमचं माणूस कोण असेल? पाण्याचा नळ किंवा पिंप शेकोटीपासून किती अंतरावर आहे? आणि गाणी किती वाजता बंद होतात? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला परवानगी नाही, तरी हा प्रश्न विचाराच. मुलं सोबत आहेत.

सरपण जंगलातून गोळा करायचं नाही. पडलेलं, वाळलेलं लाकूडही वनउपजच आहे. शेतकऱ्याकडून विकत घ्या. बांधावरची बाभूळ छाटून ठेवलेली असते आणि शेकोटीला बाभळीइतकं चांगलं लाकूड दुसरं नाही. सुबाभूळ लवकर पेटते आणि लवकर संपते. निलगिरी कडक जळते पण फुटते, उडते. आंबा ओलसर असेल तर नुसता धूर. जानेवारीत पुरेसं वाळलेलं लाकूड म्हणजे निदान गेल्या उन्हाळ्यात तोडून, फोडून, पावसात झाकून ठेवलेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखणीत वाजलं तर वाळलंय, धप्प वाजलं तर ओलं. टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल नखानं सुटते.

काही लाकडं ओळखता यायलाच हवीत. बिब्ब्याचं लाकूड शेकोटीत गेलं तर त्याच्या धुरानंही चेहरा, डोळे सुजतात, अंगावर फोड येतात. कण्हेरीचा धूर विषारी. शेराच्या किंवा निवडुंगाच्या चिकाचा थेंब डोळ्यात गेला की डॉक्टरच गाठावा लागतो. रंग दिलेल्या जुन्या खिडक्या आणि प्लायवूडही नको. खात्री नसलेला तुकडा बाजूला ठेवा, मालकाला दाखवा. गावातला माणूस बघताक्षणी सांगेल.

बारा माणसं, तीन तास: साधारण पंचवीस किलो पुरतात, म्हणजे डोक्यावरून आणतात तसली एक भरगच्च मोळी. त्यात दोन किलो काटक्या किंवा तुराट्या, पाचेक किलो अंगठ्याएवढी, बाकी मनगटाएवढी, हातभर लांबीची. पेटवायला कापराच्या दोन-तीन वड्या आणि नारळाचं सोडण. रॉकेल लागत नाही. पेट्रोल तर कधीच नाही: त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या हाताशीच पेट घेते.

जमिनीवर थेट जाळ करण्यापेक्षा लोखंडी घमेल्यात करावा. जाड, काळ्या पत्र्याचं, सोळा-अठरा इंची घमेलं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. जस्ताचा मुलामा असलेलं चकचकीत घेऊ नका, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. तळाला पाच-सहा छिद्रं पाडून घ्या, नाहीतर राख साचून जाळ गुदमरतो. तीन भाजलेल्या विटांवर ते ठेवलं की खालची माती भाजत नाही, पुढच्या हंगामात तिथं काळा डाग राहत नाही आणि उरलेली राख उचलून नेता येते. बहुतेक मालक घमेलं दाखवल्यावर शेकोटीला लगेच हो म्हणतात.

ओढ्यातले गोल गोटे भोवतीनं रचायची पद्धत सोडून द्या. आपला काळा कातळ बऱ्याच ठिकाणी सच्छिद्र असतो, पाण्यातल्या गोट्याच्या छिद्रांत पाणी मुरलेलं असतं. ते तापून त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की गोटा फुटतो आणि कपचे थेट चेहऱ्याच्या उंचीला येतात. त्यापेक्षा विटा बऱ्या.

जागा आखताना घमेल्याभोवती तीन मीटरपर्यंत धसकटं, पाला, शेणाचे वाळके पोहे सगळं खरवडून काढा, उघडी माती दिसू द्या. शेणाकडे दुर्लक्ष होतं. ठिणगी त्यात शिरली की तासन्‌तास आतल्या आत धुमसते. वर झाडाची फांदी नको. तंबू निदान सहा मीटरवर. सूर्य मावळला की डोंगरउताराची हवा थंड होऊन खाली वाहू लागते आणि धूर, ठिणग्या तिच्याबरोबर उताराकडे जातात. म्हणून तंबू शेकोटीच्या खालच्या अंगाला लावू नयेत, बाजूला लावावेत. हीच थंड हवा खोलगटात साचते. ओढ्याकाठचं खाचर आणि पंधरा मीटर वरचं खाचर यांत पहाटे दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो, शिवाय खाली दव जास्त. वरचं खाचर घ्या.

दुपारी शेकोटी नकोच. बारा ते पाच हवा सगळ्यात कोरडी असते आणि वाराही तेव्हाच. या दिवसांत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. त्यानंतर वारा पडला की पेटवा. जाळ सरळ वर न जाता सारखा आडवा होत असेल, तर त्या रात्री शेकोटी रद्द. पेटवण्याआधी वीस लिटरचा पाण्याचा डबा आणि एक पाटी माती शेजारी भरलेली हवी. जाळ गुडघ्याच्या वर गेला की लाकूड घालणं थांबवा. ऊब निखाऱ्यांची असते, उंच जाळानं फक्त माणसं मागं सरकतात.

मुलांसाठी शेकोटीभोवती एक मीटरवर पांढऱ्या फक्कीची रेघ ओढा. ‘लांब राहा’ हे मुलांना कळत नाही, रेघ कळते. एक मोठं माणूस फक्त शेकोटीकडे बघायला नेमा आणि दर तासाला बदला. नायलॉनची जाकिटं ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतात. शेकोटीजवळ बसताना घोंगडी किंवा सुती-लोकरी कपडे. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. मोठं असेल तर ११२.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं तंबूत नेऊ नका, तंबूचं दार उघडं ठेवूनही नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि उठत नाही. थंडीची सोय खालून करा: जमिनीवर पेंढा, त्यावर ताडपत्री, वर चटई, मग स्लीपिंग बॅग. अंगातली ऊब वरून जाते त्याहून जास्त जमिनीत जाते. पेंढा असेल तर तंबूपासून विस्तव आणखी लांब ठेवा, हे सांगायला नको.

शिरूर-जुन्नरच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. शेकोटीनं तो दूर राहतो या भरवशावर राहू नका. उसाला लागून तंबू नको, मुलांना रात्री एकटं सोडायचं नाही आणि उष्टं पिशवीत बांधून गाडीत. उष्ट्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागं बिबट्या येतो. वनखात्याचा मदतक्रमांक १९२६ फोनमध्ये ठेवा. दूरवर वणवा दिसला तरी याच क्रमांकावर कळवायचं.

आता विझवणं. झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घालणं बंद. उरलेले निखारे काठीनं पसरवा, मग डब्यातलं पाणी एकदम न ओतता तांब्यानं कडेकडून घाला. एकदम ओतलं की राखेचा लोट आणि वाफ तोंडावर येते. चर्र आवाज येईल, थांबेल. काठीनं ढवळा, पुन्हा चर्र होईल, कारण खालचे निखारे कोरडेच होते. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, राखेचा गारगार चिखल होईपर्यंत. शेवटी तळहाताची उलटी बाजू आधी वीतभर वरून आणि मग राखेला टेकवून बघा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. गोवऱ्यांच्या आगटीत हे दुप्पट वेळा करावं लागतं, आणि प्रत्येक गोवरी फोडून, कारण बाहेरून काळी पडलेली गोवरी आत लाल असते.

माती टाकून शेकोटी ‘बुजवणं’ मात्र करू नका. मातीखाली निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात, वरून काही कळत नाही, आणि सकाळी अनवाणी धावणारं पोर नेमकं तिथंच पाय देतं. सकाळी घमेल्यातली गार राख मालकाला विचारून शेणखताच्या उकिरड्यावर टाका. फॉइल, बाटल्यांची झाकणं, अर्धवट वितळलेलं प्लास्टिक तिच्यातून आधी वेचून आपल्या पिशवीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून वनखात्याचा वणव्याचा हंगाम सुरू होतो आणि गवत तोपर्यंत पार कडकडीत झालेलं असतं, तेव्हा तुमची तारीख पुढं ढकलावी लागलीच तर जानेवारीच्या पलीकडे नेऊ नका.